तहांचा मूळ मजकूर कुठे मिळेल?

सांगलीकर: एम.ए.च्या प्रबंधासाठी १८१९ चा सातारचा तह आणि पहिल्या महायुद्धानंतरचा १९१९ चा व्हर्सायचा तह, दोन्ही मुळातून वाचायचेत. कुठून सुरुवात करू?

दप्तरी: सातारसाठी ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एचिसनचा हिंदुस्थानातल्या तह-सनदांचा संग्रह. आधी आवृत्ती बघा! पहिली ७ खंडांची, १९२९ पासूनची १४ खंडांची. एकीचा खंडक्रमांक दुसरीत लावलात तर भलतंच संस्थान हाती येतं. २५ सप्टेंबर १८१९ या तारखेवरून खात्री करा.

कृष्णाकाठ: व्हर्साय राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) तह-मालिकेत शोधत बसू नका, ती १९२० पासूनची. क्लाइव्ह पॅरीची तहांची मालिका (१६४८–१९१९) काढा: खंड २२५, पान १८८.

दप्तरी: पॅरी महागडा, सगळीकडे नसतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या पॅरिस शांतता परिषद (१९१९) मालेचा १३वा खंड ऑनलाइन फुकट आहे, कलमवार टिपांसह. प्रबंधाला तोच जास्त उपयोगी.