दलाल नको म्हणणाऱ्यांनी आधी फवारणीचे पैसे भरा

कलमवाला, देवगड तालुका:
काल इथे एका शहाण्याने लिहिलं की 2016 मध्ये सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, आडत म्हणजे दलाली शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराच्या माथी टाकली, तरी कोकणातला आंबा बागायतदार वाशीच्या बाजारातल्या दलालाच्या दारात उभाच, कारण 'गुलामगिरीची सवय'. सवय! हे वाचून जेवण गेलं नाही, म्हणून लिहितोय.

मोहोर यावा म्हणून कल्टार पावसाळ्यात घालायचं. मोहोर फुटला की तुडतुडा, मागोमाग थ्रिप्स, एप्रिलपर्यंत फवारण्याच फवारण्या. राखणीला नेपाळी गडी, त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला. पैसा दिसतो आंबा गेल्यावर. मधल्या काळात कोण पोसतं? पीककर्ज निम्म्या खर्चाला पुरत नाही आणि सातबारावर चार काका नि दोन आत्या असल्या की तेही हातात पडत नाही. दलाल एका फोनवर उचल देतो, म्हणजे येणाऱ्या मालावर आगाऊ पैसे, रिकाम्या पेट्या पाठवतो. परवाच्या डिसेंबरात आईला रातोरात कोल्हापूरला हलवावं लागलं. साडेअकराला फोन केला, उजाडता पैसे खात्यात. बँकेच्या साहेबाला साडेअकराला उठवून दाखवा.

पट्टी-पीडित:
आईला बरं वाटो. आता त्या उचलीवरचं व्याज कुठल्या कागदावर लिहिलंय ते सांगा. नसतंच. ते भावात असतं. आमच्या बाबांनी सगळ्या पट्ट्या, दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या. त्यातल्या एका एप्रिलच्या दोन माझ्यासमोर आहेत. एकाच टेम्पोने गेलेला माल, पाच डझनी पेटी, शेजारची बाग. चुलत्यांनी उचल घेतली नव्हती, त्यांना 2400. आम्हाला 1900. बाबांनी विचारलं तर उत्तर आलं, "तुमचा माल मऊ निघाला." रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला भाव, कुणाला विचारणार? वर हमाली, मोटारभाडं, 'डागी 7 पेट्या'. सात कशा, ते बघायला आम्ही तिथे नव्हतो.

वाशीतला गाळा:
आमच्यावरही दोन शब्द लिहा की. सप्टेंबरात उचल आमच्याकडून आणि एप्रिलात रात्रीचा टेम्पो दुसऱ्याच्या गाळ्यावर, हे कोण करतं? अवकाळीने मोहोर जळाला की उचल पुढच्या सालावर, तेव्हा आम्ही काय तुमच्या कलमांवर जप्ती आणतो? आणि ज्याला माल विकतो तो फळवाला रोख देत नाही, त्याची उधारी आमच्याच डोक्यावर. माझ्या वडिलांचे बुडालेले पैसे मोजले तर देवगडात बंगला झाला असता.

पट्टी-पीडित:
वाशीत झाला ना? मग झालं.

इतिहासाचा किडा:
या धंद्याची वंशावळ जुनी आहे. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियातले तंबाखूचे मळेवाले हेच करत. तंबाखूची पिंपं लंडनच्या अडत्याकडे रवाना करायची. तो विकणार, भाडं, जकात नि दलाली कापणार, उरलेल्या रकमेत मळेवाल्याने मागवलेली बग्गी, कपडे, औषधं घेऊन पाठवणार. जॉर्ज वॉशिंग्टनचा अडत्या रॉबर्ट केरी आणि कंपनी. भाव कमी लागला, सामान जुन्या फॅशनचं आलं, म्हणून हा पत्रांतून कुरकुरतोय, आणि 1764 च्या सुमारास कळतं की उलट आपल्याच नावावर 1800 पौंडांच्या आसपास देणं आहे. शेवटी त्याने माउंट व्हर्नॉनला तंबाखू सोडून गहू लावला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनला तर सासऱ्याच्या जमिनीबरोबर सासऱ्याचं कर्जही वारशात आलं, आणि तो सासरा स्वतः ब्रिस्टलच्या एका पेढीसाठी इतर मळेवाल्यांकडून वसुली करायचा! कलमवाले, तुमची पट्टी आणि केरीचा हिशेब शेजारी ठेवा.

कलमवाला:
वॉशिंग्टनच्या मळ्यात राबत होते ते गुलाम. त्याचं दुःख मला सांगू नका. आणि तो गव्हाकडे वळला ते वर्षाचं पीक होतं म्हणून. माझी कलमं आजोबांनी लावलीत. ती उपटून काय, नाचणी पेरू?

पुणेरी गिऱ्हाईक:
तुमचा दलाल राहू दे बाजूला. मी 'थेट बागेतून' तीन पेट्या मागवल्या. एका पेटीत साठातले अकरा साक्याचे, आतून खराब. फोन केला तर म्हणे साका बाहेरून कळत नाही. मग पैसे कशाचे घेता, सालीचे? दलालाकडचा माल निदान मंडईत हातात घेऊन बघता तरी येतो.

कलमवाला:
साका खरंच बाहेरून कळत नाही. मंडईत दाबून दाबून बघता तेव्हाही कळत नाही, फक्त आंब्याचं वाटोळं होतं.

रत्नांग्री:
पेटी आली की उघडून गवतात पसरायची असते. तुम्ही ती बंद ठेवली असणार, गॅलरीत, दुपारच्या उन्हात.

पुणेरी गिऱ्हाईक:
गॅलरी उत्तरेला आहे. आणि गिऱ्हाइकालाच अक्कल शिकवायची ही कोकणी पद्धत कुणी सुरू केली?

रत्नांग्री:
पुण्यात येऊन शिकलो. दुपारी एक ते चार विचार करायला वेळ असतो.

मालवणी माणूस:
ह्येंका खरो हापूस कळता खंय? कर्नाटकचो आंबो देवगडच्या खोक्यात घालून दिलो तरी 'वा वा' करून खातत. 2018 ला हापूसाक भौगोलिक मानांकन मिळालां, खोक्यार छाप इली, आतलो आंबो कोण बघता?

वाशीतला गाळा:
बघा, म्हणजे भेसळ फक्त वाशीतच होत नाही. पुण्याच्या रस्त्यावर टेम्पो लावून 'देवगड, देवगड' ओरडणारा कुठला दलाल?

पुणेरी गिऱ्हाईक:
माझा प्रश्न तसाच आहे. अकरा आंब्यांचे पैसे कोण देणार?

पट्टी-पीडित:
अहो, विषय उचलीचा होता, अकरा आंब्यांचा नाही! कलमवाले, 500 रुपयांच्या फरकावर तुम्ही अजून बोलला नाहीत.

कलमवाला:
बोलतो. यंदा मुद्दाम माल दोन गाळ्यांवर अर्धा-अर्धा टाकला. उचलवाल्याकडे पेटीमागे दीडशे कमी आले. पाचशे नाही, दीडशे. झालं समाधान? तरी तो रात्रीचा फोन उचलतो, हे दीडशे त्याचे धरतो मी. पेटीमागे जरा महाग पडतो फोन, हे खरं. थेट विक्रीही केली, चाळीस पेट्या. पैसे यायला जून उजाडला, दोघांचे अजून यायचेत. त्यातला एक पुण्याचाच.

पुणेरी गिऱ्हाईक:
मी नव्हे. मी आगाऊ दिले होते, तेच तर दुखणं आहे. बरं, तुमची पाच डझनी पेटी एप्रिलअखेर कशी पडेल?

कलमवाला:
भाव आत्ता ठरवू. निम्मे पैसे नोव्हेंबरात, पहिल्या फवारणीला.

पट्टी-पीडित:
वा, पुण्यात नवा दलाल सापडला.

पुणेरी गिऱ्हाईक:
नोव्हेंबरात? आणि मोहोरच आला नाही तर?