मदत हवी आहे : साडेचार वर्षांचा फोन दुरुस्त करू की नवा घेऊ? (सोलापूर)

काजबटण | ६ मे २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

फोन २०२० च्या दिवाळीतला. लेकीची आठवी ऑनलाइन होती म्हणून तेरा हजार आठशेला घेतला होता. तिची शाळा उघडली आणि फोन माझ्याकडे आला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादापासून कंपन्यांवरून भांडण सुरू होईल.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. तीन मशिनी, मी आणि दोघी जणी. गेल्या वर्षीचा सरकारचा तो 'एक राज्य एक गणवेश'चा प्रकार गुंडाळला आणि काम परत शाळा समित्यांकडे आलं, त्यामुळे यंदा दोन शाळा हातात आहेत. १६ जूनला शाळा उघडतात. सगळा व्यवहार याच फोनवर: मापांच्या वहीचे फोटो, कापडाचे नमुने, मुख्याध्यापकांचे व्हॉइस मेसेज, पैसे यूपीआयवर.

आता रडगाणं. चार्जिंगची पिन नीट बसत नाही. केबल वर उचलून धरावी लागते, म्हणून मी तिच्याखाली दोऱ्याचं रीळ सरकवून ठेवते. रीळ हललं की चार्जिंग बंद. साठ टक्के दिसत असताना फोन अचानक पंधरावर येतो. दुपारी एवढा तापतो की कानाला लावत नाही. आणि महिनाभरापासून स्क्रीनवर मधोमध एक पांढुरका डाग दिसतोय, आतून टॉर्च मारल्यासारखा.

अधिकृत सेंटरला दाखवला. त्यांनी डिस्प्ले ५,१००, बॅटरी १,६५०, चार्जिंग बोर्ड ९५० आणि मजुरी मिळून ८,४०० सांगितले. वर 'डेटा गेल्यास जबाबदार नाही' या कागदावर सही. नवी पेठेतला एक जण तेच सगळं ३,२०० मध्ये करतो म्हणाला, डिस्प्ले कॉपी.

कालच लेकीचा बारावीचा निकाल लागला, चांगले मार्क आहेत. तिलाही कॉलेजला फोन हवाच आहे. म्हणजे घरात एकच नवा फोन येऊ शकतो आणि तो कुणाचा, हा खरा प्रश्न आहे. सांगा काय करू.

पुणेकर_नाइलाजाने | ७ मे, सकाळी ७:१५

सरळ हिशोब. दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या निम्म्याच्या वर गेला की दुरुस्ती करू नये. बारा-तेरा हजारांत बरा ५जी फोन येतो, तुम्हाला ८,४०० सांगितलेत. नवा घ्या.

कडकभाकरी | ७ मे, सकाळी ८:०२

ओ पुणेकर, ३,२०० पण सांगितलेत की. ते सोयीनं विसरला होय?

ताई, मी उद्या नवी पेठेतच जालालो, माझ्या ओळखीचा एक जण आहे. तो पंचवीस रुपयांची ग्लासही बसवून देतो आणि 'बाई, हे करू नका, पैसे वाया जातील' असंही तोंडावर सांगतो. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो.

पुणेकर_नाइलाजाने | ७ मे, सकाळी ८:१०

विसरलो नाही, कॉपी डिस्प्लेवर विश्वास नाही. पण 'जालालो' वाचून बरं वाटलं. मूळचा सोलापूरच्या सात रस्त्याचाच आहे मी, नाव बघा की.

हॉटगन | ७ मे, सकाळी १०:३०

मी फोन दुरुस्तीच करतो, बारा वर्षं झाली. ताई, ८,४०० आणि ३,२०० दोन्ही बाजूला ठेवा. तुमच्या लक्षणांमधून मला वेगळीच शंका येतेय. एक काम करा. कव्हर काढा, फोन सपाट जागेवर पाठीवर ठेवा आणि एका कोपऱ्याला हलकंच बोटानं ढकला. दाबू नका. काय होतं ते लिहा.

दुसरं, पिन लावल्यावर चार्जरचा धातूचा भाग बाहेर किती दिसतो? लेकीच्या किंवा कुणाच्याही फोनला तीच केबल लावून तुलना करा.

काजबटण | ७ मे, दुपारी १:५०

मशिनच्या फळीवर ठेवून ढकलला. भोवऱ्यासारखा फिरला! दीड गिरकी घेतली. दोघी जणी काम सोडून बघायला आल्या. मग आडवा धरून बघितलं तर पाठ मधोमध पोळीसारखी फुगलीय आणि एका कडेला नख जाईल एवढी फट आहे. कव्हरमुळे इतके दिवस कळलंच नाही.

पिन शेजारणीच्या फोनमध्ये पूर्ण आत जाते. माझ्यात एक गहू मावेल एवढी बाहेर राहते. (आडवा गहू. म्हणजे दोन-तीन मिलिमीटर असेल.)

हॉटगन | ७ मे, दुपारी २:०५

बॅटरी फुगलीय. आत्ता फोन बंद करा आणि चार्जिंगला अजिबात लावू नका. उशीखाली, गादीवर, कापडाच्या ढिगात ठेवू नका. तुमच्या घरात कापडच कापड असणार, म्हणून जास्त बजावून सांगतोय. फरशीवर, भिंतीच्या कडेला, उन्हापासून लांब. फुगवटा दाबून बसवायचा नाही, टाचणी तर लांबच ठेवा.

लिथियम बॅटरी जुनी झाली की आत गॅस धरते. साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जमध्ये तिची ताकद ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते आणि तुमची साडेचार वर्षांची आहे. त्यात सोलापूरचा उन्हाळा. बहुतेक कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंत वापरा म्हणतात, तुमच्याकडे एप्रिलभर पारा चाळिशीच्या वर. पत्र्याखाली मशिनी असतील तर विचारायलाच नको.

आता मुद्द्याचं. तो पांढरा डाग डिस्प्ले खराब झाल्याचा असेलच असं नाही. एलसीडी स्क्रीनला मागून बॅटरीचा दाब आला की असाच उजेडाचा ठिपका दिसतो. बॅटरी काढल्यावर तो फिका पडू शकतो. सेंटरवाल्यांनी डिस्प्ले आधी लिहिला, बॅटरी नंतर. मी उलट क्रमानं जाईन. आणि पिन बाहेर राहतेय म्हणजे पोर्टमध्ये काहीतरी भरलंय, बोर्ड गेलेला नसावा. तुमचा धंदा कापडाचा आहे, पुढचं बोलत नाही.

काजबटण | ७ मे, दुपारी २:२०

बंद केला. ओट्याच्या कोपऱ्यात स्टीलच्या ताटात ठेवलाय. हे लेकीच्या बाबांच्या फोनवरून लिहितेय. मापांचे फोटो आत अडकलेत, ते आधी काढू का?

हॉटगन | ७ मे, दुपारी २:४५

आधी बॅटरी बदला, मग डेटा. तुमच्या पोर्टला केबल धड बसत नाही, कॉपी अर्ध्यात तुटणार. शिवाय फुगलेल्या बॅटरीवर तासभर फोन तापवायचा नाही. बॅटरी बदलताना मेमरीला हात लागत नाही, फोटो जिथल्या तिथे राहतात.

दुकानात दोन गोष्टी बघा. नव्या बॅटरीवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. जुन्या मॉडेलच्या बॅटऱ्या कपाटात तीन-तीन वर्षं पडून असतात, तशी घेऊ नका. आणि फोन तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला लावा.

मुक्काम_म्युनिक | ७ मे, सायंकाळी ६:३०

हॉटगन यांच्याशी सहमत, पण बॅटरी बदलून फोन तरुण होत नाही. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' मध्ये जाऊन शेवटचा सुरक्षा पॅच कधीचा आहे ते बघा. कंपनीनं अपडेट थांबवले असतील तर पैशांचे व्यवहार त्याच फोनवर करावेत का, हा वेगळा प्रश्न आहे.

इकडे युरोपात येत्या २० जूनपासून नियम लागू होतोय. नव्या मॉडेलला विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग आणि आठशे चार्जनंतरही ऐंशी टक्के टिकणारी बॅटरी. भारतात ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून.

कडकभाकरी | ७ मे, सायंकाळी ६:४४

म्युनिकचा नियम नवी पेठेत कधी पोचणार ते पण सांगा मालक.

आज्जी_६८ | ७ मे, रात्री ८:१०

मला फोनमधलं कळत नाही. पण मापं फक्त फोनमध्ये का ठेवलीस ग? फोटो वहीचेच काढलेस ना, मग वही आहे ना?

काजबटण | ७ मे, रात्री ९:००

आज्जी, वही आहे पण मागच्या पावसाळ्यात भिजली, निम्मी पानं चिकटलीत. म्हणूनच जीव वर-खाली होतोय. उद्या सकाळी नवी पेठ.

काजबटण | ११ मे, रात्री १०:१५

उशिरा लिहितेय, माफ करा. आठ तारखेलाच काम झालं, पण नंतर दोन शाळांच्या मापांमध्ये अडकले.

कडकभाकरींनी सांगितलेल्या दुकानात गेले. टपरीएवढं दुकान, एक टेबल, वर गोल भिंगाचा दिवा. त्या पोरानं आधी बॅटरी बघितलीच नाही. फोन बंद आहे याची खात्री केली, दिव्याखाली धरला आणि प्लॅस्टिकच्या बारीक काडीनं पोर्ट कोरायला लागला. आधी निळा, मग मरून, मग परत निळा, असा धाग्यांचा गच्च दाबलेला बोळा बाहेर आला. अगदी नमद्यासारखा. थरावर थर! म्हणजे निळी शाळा, मरून शाळा, परत निळी. माझ्या गेल्या दोन वर्षांच्या ऑर्डरी त्यानं टेबलावर काढून ठेवल्या. नंतर केबल लावली तर 'टक' करून बसली. चार्जिंग बोर्ड बदलायला सांगितलं होतं ना, ९५० चा? तो ठणठणीत आहे.

मग पाठ गरम करून उघडली. बॅटरी उशीसारखी झालेली. त्यानं ती न वाकवता हळूच काढली आणि वाळूच्या डब्यात ठेवली. तिकडे जुन्या बॅटऱ्या साठवून भंगाराच्या अधिकृत माणसाला देतात म्हणे. पहिली बॅटरी दाखवली त्यावर २०२१ ची तारीख होती. मी नको म्हणाले. त्यानं माझ्याकडे जरा बघितलं आणि शेजारच्या दुकानातून २०२४ ची आणून दिली. सगळे मिळून ९०० रुपये. पोर्ट कोरल्याचे पैसे घेतले नाहीत.

डाग पूर्ण गेला नाही. पांढऱ्या पानावर अजून ओळखू येतो, पण पूर्वी डोळ्यात खुपायचा तसा नाही. डिस्प्लेला हात लावला नाही.

सुरक्षा पॅच मात्र मार्च २०२४ चा आहे. पुढे काही येत नाही.

मुक्काम_म्युनिक | ११ मे, रात्री १०:५०

मग वर्षाच्या वर उघड्यावर आहे. गणवेशाचं काम, व्हॉट्सॲप, फोटो यांना चालेल. व्हॉट्सॲपला अँड्रॉइड ५ पासून पुढचं चालतं, तिकडची काळजी नाही. पण मुख्य बचत खातं या फोनच्या यूपीआयला जोडून ठेवू नका. धंद्याचं वेगळं खातं काढा, त्यात आठवड्यापुरते पैसे ठेवा, तेवढंच जोडा. आणि लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर कुणाचंही लग्न असो, उघडायची नाही.

पुणेकर_नाइलाजाने | ११ मे, रात्री ११:०५

माझा निम्म्याचा नियम ९०० ला लागू होत नाही, माघार घेतो. पण एक टोचणी. फोटोंची दुसरी प्रत केलीत का? व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या फुकट १५ जीबीतच मोजला जातो, भरला की गुपचूप थांबतो. तपासा.

काजबटण | ११ मे, रात्री ११:२०

भरलाच होता. फेब्रुवारीपासून बॅकअपच नाही! मापांचे फोटो केबलनं नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर घेतले (त्याच्या साहेबांना सांगू नका). आज्जींच्या म्हणण्याप्रमाणे नवी वहीही केली, यंदाची मापं आधी वहीत, मग फोटो. बँकेत उद्या जाते.

नवा फोन लेकीला घेतोय. अपडेट किती वर्षं देणार ते डब्यावर किंवा कंपनीच्या साइटवर लिहिलेलं बघूनच घ्यायचं ठरलंय, कॅमेरा नंतर. ती म्हणते कॅमेरा आधी. भांडण चालू आहे.

आज्जी_६८ | १२ मे, सकाळी ६:३०

वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव.

काजबटण | १२ मे, दुपारी ३:१०

ठेवली आज्जी. फोनलाही उरलेल्या मरून कापडाची पिशवी शिवली, तोंडाला झाकण आणि टिचबटण, म्हणजे धागे आत जाणार नाहीत. दोघी जणींनी पण आपापल्या फोनसाठी मागितल्या.

हॉटगन | १२ मे, दुपारी ३:४०

चार्जिंगला लावताना पिशवीतून बाहेर काढा.