मिशिगन लेकवरची अर्ध्या दिवसाची सालमन ट्रिप, जाऊ का?

गरीवाला_मालवण: मंडळी जुलैत लेकीकडे अमेरिकेत मिलवॉकीला चाललोय, जावई म्हणतोय बाबा गाइडची बोट बुक करू, सालमन-ट्राउट. आपण सुरमईला होडीमागे गळ ओढत फिरतो तसंच का ते? नाहीतरी जुलैत इथे मासेमारीला बंदीच, होड्या शाकारलेल्या.

खाडीकाठ: प्रकार तोच काका पण वेग एकदम कमी, ताशी दोन-अडीच मैल वगैरे. उन्हाळ्यात सालमन थंड पाण्यासाठी खोल जातो म्हणून डाउनरिगर असतो, म्हणजे केबलला जड गोळा आणि त्याच्या क्लिपमध्ये तुमची लाइन अडकवलेली, त्या ताणाने काठी वाकलेली असते, मासा लागला की क्लिप सुटते आणि काठी फाटकन सरळ होते, तेव्हा गप्पा सोडून रीळ धरायचं. सुरमईसारखा हा दोरी दातांनी तोडत नाही, त्यामुळे गळाला तार नको.

देवगडकर७: लायसन लागतं हां, वर सालमन-ट्राउटचा स्टॅम्प, म्हणजे जादा परवाना. दोन दिवसांचं ग्रेट लेक्स (मिशिगन आणि तिथली बाकीची मोठी तळी) लायसन घ्या, त्यात स्टॅम्प येतो. आणि तळं म्हणून हसू नका, पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटाही येतात. उलटीची गोळी आणि जाड जॅकेट न्याच.

खाडीकाठ: गंमत म्हणजे ते सालमन तिथले नव्हेतच, 1966-67 ला पॅसिफिककडची पिल्लं आणून सोडली, एलवाइफ नावाचा बारका मासा बेसुमार वाढलेला तो खायला.

गरीवाला_मालवण: बरं, आणि आमटी होते का त्याची?

देवगडकर७: होते की, तेलकट मासा, बांगड्यासारखं तिरफळ घाला. फक्त मोठे जुने मासे रोज नको, पीसीबी नावाचं कारखान्यांतलं विषारी रसायन साठतं त्यांच्या चरबीत.