काजूची बाग नकाशात जंगल म्हणून येतेय, तरी अ‍ॅक्युरसी ९४%?

आजोळ_तळकोकण
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांचा जंगलाचा नकाशा करतेय. सेंटिनेल-२ उपग्रहाची जानेवारीतली स्वच्छ इमेज घेतली, गूगलच्या अर्थ इंजिनवर रॅन्डम फॉरेस्ट (नमुने बघून वर्ग ठरवायला शिकणारा अल्गोरिदम) चालवलं, क्लास म्हणजे वर्ग चार: जंगल, बागायत, शेती-गवत-मोकळी जमीन, पाणी. गूगल अर्थवर बघून प्रत्येक क्लासच्या नमुना जागांचे पॉलिगॉन काढले आणि त्यातलेच ७०% पिक्सेल ट्रेनिंगला, ३०% टेस्टिंगला. ओव्हरऑल अ‍ॅक्युरसी ९४% आली, गाईड खूश आहेत. पण माझं आजोळ तिथलंच आहे, आणि आजोबांची अख्खी काजूची बाग नकाशात गर्द जंगल दिसतेय, पलीकडची रबराची लागवड पण तशीच. मग हे ९४% येतंय कुठून? आणि जंगलाचं क्षेत्रफळ पिक्सेल मोजून थेट लिहिलं तर चालेल का?

पिक्सेलवाला
बाग जंगलात गेली हे तुम्हाला दिसलं ते फार चांगलं झालं, कारण एरर मॅट्रिक्समध्ये (कुठला क्लास कशात गेला त्या तक्त्यात) ते कधीच दिसलं नसतं. तुमचे टेस्टचे पिक्सेल ट्रेनिंगच्याच पॉलिगॉनमधले आहेत. एकाच रानातले शेजारी-शेजारी असलेले दोन १० मीटरचे पिक्सेल जवळजवळ सारखेच असतात, त्यातला एक शिकवायचा आणि दुसरा विचारायचा म्हणजे पेपर फोडून परीक्षा घेतल्यासारखं आहे. शिवाय पॉलिगॉन आपण काढतो ते ठसठशीत जागेवर, तिलारीचं दाट रान नाहीतर सरळ ओळींची बाग. घोळ असतो तो मधल्या जागांवर, जुनी न बेणलेली काजूची बाग, विरळ झालेलं रान, बांधावरची झाडं. या जागा तुमच्या टेस्टमध्ये आल्याच नसणार.

त्यामुळे नकाशा तयार झाल्यावर, नकाशाच्याच क्लासनुसार रॅन्डम पॉइंट टाका, ट्रेनिंगशी काही संबंध नसलेले. आणि कपा (Kappa) या अचूकतेच्या निर्देशांकावर वेळ घालवू नका, पाँटियस आणि मिलोन्स यांनी २०११ मध्येच तो सोडून द्या असं सांगितलंय. यूजर्स अ‍ॅक्युरसी (नकाशातल्या जंगलापैकी खरं जंगल किती) आणि प्रोड्यूसर्स अ‍ॅक्युरसी (खऱ्या जंगलापैकी नकाशाने पकडलं किती) क्लासवार द्या.

रानमेवा
जानेवारीची एकच इमेज हाच अर्धा प्रॉब्लेम आहे बघा. काजू बारमाही हिरवा, सदाहरित रानही हिरवं, आणि ऐन-किंजळ या पानझडी झाडांची पानगळ तेव्हा पूर्ण झालेली नसते, मग मशीनला वेगळं काय दिसणार? ऑक्टोबर ते मे सगळ्या इमेज घ्या आणि महिनावार एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) काढा. किंजळ फेब्रुवारी-मार्चनंतर उघडा पडतो, रबर साधारण जानेवारीच्या आसपास पानं झाडतो आणि लवकरच नव्या पालवीने परत हिरवा होतो, काजूची आलेखातली रेघ त्यामानाने सपाट राहते. म्हणजे रबर आणि पानझडी रान सुटतं. काजू आणि सदाहरित रान मात्र नुसत्या हिरवेपणावर सुटत नाही, तिथे टेक्स्चर (शेजारशेजारच्या पिक्सेलमधला चढउतार) लागतं, कारण बागेत झाडांच्या मध्ये फटी असतात आणि काजूवेचणीआधी खालचं रान साफ केलेलं असतं. जून ते सप्टेंबर ढगांमुळे ऑप्टिकल (सूर्यप्रकाशावरच्या) इमेज विसरा, तेव्हा ढगांतून बघणारं सेंटिनेल-१ चं रडार आहे, पण घाटाच्या उभ्या उतारांवर रडारची सावली पडते ती मास्क करा, म्हणजे वगळा.

अजून एक, राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) फांद्या छाटलेले ऐन वरून बघितले तर तुटलेलं जंगल वाटतात. ते तुटलेलं नसतं, दरवर्षी फुटतं. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय त्यावर शिक्का मारू नका.

देवराई_प्रेमी
आधी जंगल कशाला म्हणताय ते लिहा. भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून अहवाल काढतंय, त्यांच्या व्याख्येत १ हेक्टर किंवा जास्त जमीन आणि १०% हून जास्त झाडांचं छत्र असलं की ते वनाच्छादन, मालकी कोणाची, झाड कुठलं, काही बघत नाहीत. त्या व्याख्येने तुमच्या आजोबांची बाग वनाच्छादनात येणं बरोबरच आहे! हॅन्सन यांच्या २०१३ च्या जागतिक नकाशातही ५ मीटरहून उंच झाड म्हणजे ट्री कव्हर, तिथे जुनं रबर तोडून नवं लावलं तरी 'लॉस' दिसतो. मला स्वतःला हे पटत नाही. रान तोडून त्याच हंगामात काजू लावला तर काही वर्षांत आकडा जागच्या जागी येतो आणि गेलेलं रान कागदावर कुठेच राहत नाही. सिंधुदुर्गात तर बरंच रान खाजगी मालकीचं आहे, त्यामुळे हा फरक दाखवणारा नकाशा खरंच हवाय. म्हणून नैसर्गिक जंगल आणि लागवड वेगळे ठेवा, आणि शासकीय आकड्याशी तुलना करताना दोन्हींची बेरीज करा. आणि छोट्या देवराया बघा, १ हेक्टरखालच्या त्या व्याख्येतच बसत नाहीत, तुमच्या १० मीटरमध्ये मात्र दिसू शकतात.

आजोळ_तळकोकण
खूप खूप आभार सगळ्यांचे. व्याख्येचं डोक्यातच नव्हतं. आता क्षेत्रफळाचं सांगा ना, रॅन्डम पॉइंट तपासून पुढे काय करायचं? आणि निम्मे पॉइंट जिथे जाताच येत नाही अशा कड्यांवर पडले तर?

पिक्सेलवाला
समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एकूण १००० चौ. किमी, नकाशात जंगल ६००, बाकी ४००. दोन्हीकडे १००-१०० पॉइंट टाकले. जंगलातले ८० बरोबर निघाले, २० बागा. बाकीतले ९५ बरोबर, ५ ठिकाणी प्रत्यक्षात जंगल. मग खरं जंगल ६०० चे ८०% म्हणजे ४८०, अधिक ४०० चे ५% म्हणजे २०, एकूण ५००. ९५% कॉन्फिडन्सला (खात्रीच्या पातळीला) अंदाजे ±५० चौ. किमी. नकाशा ६०० म्हणत होता, म्हणजे नुसते पिक्सेल मोजले असते तर १०० चौ. किमी जास्त लिहिलं असतं. ओव्हरऑल अ‍ॅक्युरसी पण क्षेत्रफळाच्या वजनाने काढायची, इथे ८६% येते. ओलॉफसन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा पेपर वाचा, सगळी सूत्रं त्यात आहेत.

कड्यावरचे पॉइंट वगळू नका, वगळले की सॅम्पल रस्त्याकडेचं होतं आणि रस्त्याकडेलाच बागा जास्त. ते गूगल अर्थच्या जुन्या तारखांच्या इमेजवर तपासा, शक्यतो एप्रिल-मेच्या, आणि नकाशाने दिलेला क्लास झाकून ठेवून. जमलं तर दोघांनी वेगवेगळं तपासा आणि जिथे मतं जुळत नाहीत तेवढ्या ठिकाणी प्रत्यक्ष जायचा प्रयत्न करा, कड्यापाशी पोचता आलं नाही तर समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीने बघितलं तरी बाग आहे की रान ते कळतं.