विशेषनामाचे सामान्यनाम झाले, की इंग्रजीतले कॅपिटल अक्षरही जाते का?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका शाळेत सहावीला मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विषय शिकवते. मराठी व्याकरणाच्या तासाला मी सांगितले, की विशेषनाम एकवचनी असते आणि ते अनेकवचनात वापरले की सामान्यनाम होते. उदाहरणादाखल ‘आमच्या वर्गात तीन ऋतुजा आहेत’ हे वाक्य फळ्यावर लिहिले. पुढचा तास इंग्रजीचा होता. तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, मग तीन ऋतुजा इंग्रजीत लिहिताना आर स्मॉल काढायचा का?” तिचे म्हणणे तर्काला धरून होते आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही.

दुसरी अडचण वह्या तपासताना दिसली. ‘माझी आई तासगावजवळ द्राक्षबागेत काम करते’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात एका मुलाने ‘मदर’चा एम आणि ‘ग्रेप’चा जी कॅपिटल काढला होता, तासगावचा टी मात्र स्मॉल. कारण विचारले, तर तो म्हणाला, “आई मोठी असते ना.” हा गैरसमज कसा दूर करावा?

माहुलीसंगम (सातारा)
ताई, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. तिने दोन भाषांच्या नियमांमधला खरा फरक नेमका पकडला आहे. मराठी व्याकरण त्या वाक्यात शब्द कोणते काम करतो ते पाहते, म्हणून ‘तीन ऋतुजा’ हे सामान्यनाम ठरते. इंग्रजी लेखनाचा नियम मात्र तो शब्द मुळात कोणाचे नाव आहे एवढेच पाहतो. त्यामुळे ऋतुजा तीन असोत वा तेरा, आर कॅपिटलच राहतो.

नाव अगदी झिजून वस्तूचे झाले, तरच ते अक्षर लहान होते. रुडॉल्फ डिझेल यांच्या नावात डी कॅपिटल असतो, पण पंपावरच्या डिझेलमध्ये तो स्मॉल. जेम्स वॉट यांच्यावरून आलेले वॉट हे एकक पूर्ण लिहिताना लहान अक्षराने सुरू होते, आणि त्याच एककाची खूण मात्र कॅपिटल डब्ल्यू असते. घरातल्या बल्बच्या खोक्यावर मुलांना ती खूण पाहायला सांगा. फळ्यावरच्या नियमापेक्षा ती जास्त लक्षात राहते.

आता आईविषयी. कॅपिटल अक्षर मान देण्यासाठी नसते, हे मुलांना स्पष्ट सांगावे लागते, कारण देवनागरीत अक्षरांचा असा लहानमोठेपणाच नसल्याने ‘मोठे अक्षर’ म्हटले की त्यांच्या मनात मोठेपणाचाच अर्थ येतो. ‘माझी आई’ म्हटले की आई हे नाते झाले, तिथे एम स्मॉल. पण ‘माझी’ हा शब्द न लावता, नावाच्या जागी ‘मदर’ म्हणून हाक मारली, तर तो कॅपिटल होतो. म्हणजे त्या मुलाने ‘माय’ हा शब्द लिहिला नसता आणि नुसते ‘मदर’ लिहिले असते, तर त्याचा एम बरोबर ठरला असता.

अजिंक्यतारा (सातारा)
वरील उत्तराशी सहमत आहे. मराठी कानाला जाणवणारी एक खूण मी वर्गात वापरतो. ‘गाव’ या सामान्यनामाला प्रत्यय लावला की ‘गावाला’ होते, पण ‘तासगाव’चे ‘तासगावला’ होते, ‘कोरेगाव’चे ‘कोरेगावला’. शब्द तोच, पण नावात जाऊन बसला की ‘गावा’ हे सामान्यरूप घेत नाही. मुले हे नकळत बोलतच असतात. ते त्यांना ऐकवले, की विशेषनाम म्हणजे काय ते समजावणे सोपे जाते.

माहुलीसंगम (सातारा)
खूण सुंदर आहे, मात्र तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. ‘वारा’चे ‘वाऱ्याला’ होते तसेच ‘सातारा’चे ‘साताऱ्याला’ होते, आणि मिरजेला तर आपण ‘मिरजला’ म्हणतच नाही. त्यापेक्षा ‘कोणता?’ हा प्रश्न विचारून पाहावा. नुसते ‘पूल’ म्हटले की कोणता पूल हे विचारावे लागते. सांगलीत ‘आयर्विन पूल’ म्हटले की तो प्रश्न उरत नाही. म्हणून इंग्रजीत ‘आयर्विन ब्रिज’मधल्या दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे कॅपिटल, आणि पुढच्या वाक्यात नुसते ‘द ब्रिज’ आले की बी स्मॉल.

आमच्याकडे राजवाडा हे उदाहरण आहे. राजवाडे पुष्कळ असतील, पण साताऱ्यात “राजवाड्यावर उतरा” म्हटले की ठिकाण एकच.

कृष्णाकाठ (सांगली)
आपणा दोघांचे मनापासून आभार. राजवाड्यावरून आमचा गावभाग आठवला. गावाचा भाग तर प्रत्येक ठिकाणी असतो, पण सांगलीत गावभाग म्हणजे कृष्णेकाठची जुनी वस्ती. तेव्हा इंग्रजी पत्त्यात तिथे जी कॅपिटलच हवा, बरोबर ना?

अजिंक्यतारा (सातारा)
होय, बरोबर. आणि तो पत्ता त्या मुलाकडूनच फळ्यावर लिहून घ्या, म्हणजे तासगावचा टीही त्याच्या लक्षात राहील.