नोकिया ई७१ वडिलांसाठी पुन्हा वापरात आणावा का?

प्रश्न : लोकमान्यनगरवासी, इंदूर

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे काम पाहतात. बैठकीच्या सूचना, वर्गणीची आठवण, आजारी सभासदांची विचारपूस, हे सगळे त्यांच्याच हातून होत आले आहे. दोन वर्षांपासून मात्र त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. टचस्क्रीनवर बोट नीट टेकण्याआधीच शेजारचे अक्षर उमटते, ते खोडायला जावे तर भलतेच काही उघडते, आणि शेवटी फोन माझ्याकडे सरकवून ते म्हणतात, "तूच लिही." ज्यांनी आयुष्यभर आपला पत्रव्यवहार स्वतः केला, त्यांच्या तोंडून हे ऐकणे मला जड जाते.

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना त्यांचा २००९ साली घेतलेला नोकिया ई७१ सापडला. पाठीवरचे पोलादी झाकण अजून चकचकीत आहे, फक्त बॅटरी फुगली आहे. बाबांनी तो हातात घेतला आणि बंद फोनच्याच बटणांवर दोन्ही अंगठ्यांनी माझे नाव टाइप करून दाखवले. मी शेजारी बसून अंगठ्यांकडे पाहत होतो. एकही अक्षर चुकले नाही.

हा फोन दुरुस्त करून त्यांना लिहिण्यापुरता द्यावा, असे मनात आहे. ज्यांनी तो वापरला आहे त्यांनी त्याचे गुण सांगावेतच, पण त्याच्या उणिवाही हातचे न राखता सांगाव्यात. त्यांच्या हाती आशेने काही द्यायचे आणि आठ दिवसांत परत काढून घ्यायचे, असे मला होऊ द्यायचे नाही.

उत्तर : रामबागकर

मी हा फोन २००८ च्या अखेरीपासून जवळजवळ सहा वर्षे वापरला. औषधविक्रीच्या कामासाठी देवास, धार, खरगोन असा आठवड्यातले चार दिवस बसने फिरत असे आणि दिवसभराचा अहवाल परतीच्या बसमध्येच लिहून पाठवत असे. त्यामुळे पुढे लिहितो ते अनुभवाचे आहे.

या फोनची सगळी पुण्याई त्याच्या कीपॅडमध्ये आहे. फोनची रुंदी अवघी ५७ मिलिमीटर, आणि तेवढ्यात पूर्ण क्वर्टी, म्हणजे संगणकासारखा अक्षरागणिक वेगळ्या बटणाचा, कीपॅड बसवलेला. पण प्रत्येक बटणाला मध्यभागी किंचित फुगवटा असल्यामुळे ती इतकी दाटीने असूनही बोटाला वेगवेगळी लागतात. घाटात बस वळणे घेत असताना, बाहेर अंधार असताना मी पानभर मजकूर लिहिला आहे. आपल्या वडिलांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, बटणावर बोट नुसते टेकले तर काहीच उमटत नाही, ते दाबावे लागते. थरथरणाऱ्या बोटाला अक्षर सापडेपर्यंत बटणांवरून हलके फिरता येते, आणि टचस्क्रीनवर नेमकी हीच मुभा नसते.

तरीही एक इशारा देतो. बटणे लहान आहेत, आणि कंप जास्त असेल तर एकच अक्षर दोनदा दाबले जाण्याचा संभव आहे. अंकांसाठी वेगळी ओळ नाही; ते मधल्या अक्षरांच्या बटणांवरच छापलेले आहेत. मजकुरात अंक लिहायचा तर फंक्शनचे बटण वापरावे लागते किंवा तेच बटण थोडा वेळ दाबून धरावे लागते. निरोगी हाताला याची सवय होते. कंप असलेल्या हाताला ते कितपत जमेल, हे आपणच घरी पाहून ठरवावे.

बाकीचे गुण थोडक्यात सांगतो. वजन १२७ ग्रॅम आणि जाडी साधारण १० मिलिमीटर, त्यामुळे खिशात तो जाणवतही नसे. नोकियाचाच १९९६ चा कीपॅडवाला कम्युनिकेटर ३९७ ग्रॅमचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे बारा वर्षांत किती मजल मारली होती ते कळते. १५०० मिलिॲम्पिअर-अवरची बॅटरी मला दोन दिवस सहज पुरत असे. कॅलेंडर, संपर्क आणि मेल यांना स्वतंत्र बटणे आहेत, म्हणजे मेनूत शोधाशोध करावी लागत नाही. त्या काळी ब्लॅकबेरीवर मेल हवी असेल तर कंपनीकडून त्याची खास योजना घ्यावी लागे. ई७१ ला साधा इंटरनेट पॅक पुरत असे, आणि माझ्यासारख्या पगारदाराने तो निवडण्याचे ते मोठे कारण होते.

उणिवांत पहिली म्हणजे स्क्रीन. २.३६ इंचांची, ३२० बाय २४० पिक्सेलची. चष्मा लावूनही लांब मजकूर वाचताना डोळे दुखतात, आणि ७४ व्या वर्षी ही गोष्ट लहान नाही. कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा आहे, पण त्याला शटरचे वेगळे बटण नाही. फोकस करण्यासाठी कीपॅडवरचे 'टी' दाबायचे आणि मग मधल्या बटणाने फोटो काढायचा. हे मला पहिले दोन महिने कोणी सांगितले नव्हते, आणि माझ्या भाचीच्या बारशाचे सगळे फोटो त्यामुळे अस्पष्ट आले. हेडफोनची पिन २.५ मिलिमीटरची आहे, नेहमीचा हेडफोन तिच्यात बसत नाही.

उत्तर : जेल रोडवरचा दुरुस्तीवाला

मी सोळा वर्षे मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. सर्वांत आधी, फुगलेली बॅटरी कृपया आजच बाहेर काढावी आणि ती चार्ज करून पाहण्याचा मोह टाळावा. तिला टोचू नये, दाबून बसवू नये आणि कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

या फोनला बीपी-४एल नावाची बॅटरी लागते. हीच बॅटरी ई६३, ई७२ आणि एन९७ या फोनांनाही चालत असे, म्हणून बाजारात ती अजून मिळते. पण नक्कल फार आहे. मी स्वतः एकदा एका घाऊक विक्रेत्याकडून वीस नग घेतले होते; त्यांतल्या निम्म्यांहून अधिक बॅटऱ्या महिनाभरात बसल्या आणि ग्राहकांचे पैसे मला परत करावे लागले. दुकानातच फोनमध्ये बसवून, फोन सुरू करून आणि एक कॉल लावून मगच पैसे द्यावेत.

चार्जर बारीक गोल पिनचा, २ मिलिमीटरचाच हवा. बाजूला मायक्रो यूएसबीची जागा आहे, पण ती फक्त संगणकाला जोडण्यासाठी. तिच्यातून हा फोन चार्ज होत नाही. अनेक जण तिथेच चार्जर लावतात आणि फोन बिघडला असे समजून माझ्याकडे घेऊन येतात. एखादे बटण दाबूनही उमटत नसेल तर घाबरू नये. बटणाखालच्या धातूच्या टिकलीवर धूळ किंवा गंज बसतो. बहुतेक वेळा साफ केल्यावर ते चालू लागते.

आता सिमचे. यात जुने मोठे सिम बसते, त्यामुळे आजच्या नॅनो सिमला अडॅप्टर लावावा लागेल. जिओचे सिम यात चालणारच नाही, कारण त्या कंपनीचे जाळे ४जी पासूनच सुरू होते. एअरटेल आणि व्हीआय यांचे २जी चालू असल्यामुळे त्यांच्या सिमवर बोलणे आणि एसएमएस दोन्ही होईल. बँकेचा ओटीपीही येईल.

उत्तर : सुदामानगरची वाचक

वरची दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला, पण एका गोष्टीवर कोणी बोट ठेवले नाही. आपल्या वडिलांना मराठी मंडळाच्या सूचना लिहायच्या आहेत. मग देवनागरीचे काय?

माझ्या भावाने दुबईहून ई७१ आणला होता आणि नंतर तो माझ्याकडे आला. त्यात देवनागरीतला एसएमएस आला की ओळभर नुसते चौकोन दिसत. मराठी बातम्या वाचण्यासाठी आम्ही ओपेरा मिनी (वेबसाइट पाहण्याची ॲप) टाकत असू. तिच्या पत्त्याच्या जागी 'कॉन्फिग' असे लिहून एक छुपे पान उघडायचे आणि जटिल लिप्यांसाठी अक्षरांची चित्रे पाठवण्याचा पर्याय चालू करायचा, म्हणजे सर्व्हरच मजकुराचे चित्र बनवून पाठवी आणि जोडाक्षरे व्यवस्थित दिसत. ते पान पहिल्यांदा नीट दिसले तेव्हा मी भावाला ग्वाल्हेरला फोन करून सांगितले होते. पण ती सोय वाचण्यापुरती होती, लिहिण्याची नव्हती. म्हणजे आपल्या वडिलांना रोमन लिपीत मराठी लिहावे लागेल, आणि ज्येष्ठ सभासदांपैकी किती जण ते सहज वाचतील, याचा आधी विचार करावा. रोमनचा एक लाभ जरूर आहे. एका एसएमएसमध्ये रोमनची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची ७० च.

दुसरे, मंडळाचा आजचा सगळा व्यवहार व्हॉट्सॲपच्या गटावर चालत असणार. या फोनवरचे व्हॉट्सॲप ३० जून २०१७ नंतर बंद झाले. आजच्या बहुतेक वेबसाइट ज्या सुरक्षित जोडणीवर चालतात, ती याच्या ब्राउझरला समजत नाही. २०२२ मध्ये गूगलने नुसत्या पासवर्डवर मेल उघडू देण्याची जुनी पद्धत बंद केली, तेव्हा मेलचाही मार्ग अडला. ज्या कामासाठी हा फोन नावाजला गेला, तेच काम आज त्याच्याकडून होणार नाही, हे मला मनापासून वाईट वाटत असूनही सांगावे लागते.

माझे मत असे की, सध्याच्याच स्मार्टफोनला ब्लूटूथचा मोठा कीबोर्ड जोडून द्यावा. बटणे मोठी असतात, देवनागरी लिहिता येते आणि गटही हातचा जात नाही. माझ्या सासूबाई जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून असेच लिहितात. हा कीबोर्ड खिशात मावत नाही आणि आरामखुर्चीत बसून वापरता येत नाही, हे मान्य आहे.

लोकमान्यनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. बॅटरी जेल रोडवर दुकानातच बसवून, कॉल लावून घेतली. जिओचे सिम चालणार नाही हे वेळीच कळल्यामुळे एक फेरी वाचली. दोन बटणे अडत होती, ती साफ केल्यावर चालू झाली.

बाबांनी पहिला संदेश माझ्या आत्याला पाठवला. रोमन लिपीत, तीन ओळींचा, आणि त्याला वीस मिनिटे लागली. दोन ठिकाणी अक्षर दुहेरी उमटले होते, ते त्यांनी स्वतःच मागे जाऊन खोडले. अंकांविषयी दिलेला इशारा अगदी खरा ठरला. एका हाताने फंक्शन आणि दुसऱ्याने अंक त्यांना साधत नाही, म्हणून बैठकीची वेळ ते 'साडेपाच' अशी अक्षरांत लिहितात. मेसेज पाठवून झाल्यावर त्यांनी फोन उलटा ठेवला आणि दोन मिनिटांनी पुन्हा उचलून उत्तर आले का ते पाहिले.

सुदामानगरच्या ताईंचे म्हणणेही पटले. मंडळाची देवनागरी सूचना ते टेबलावर कीबोर्ड जोडून लिहितील. तो मागवला आहे. ज्या सभासदांकडे साधे फोन आहेत, त्यांच्याशी आणि घरच्यांशी मात्र ई७१ वरूनच बोलणे होईल. आता एकच अडचण उरली आहे. नव्या फोनमधले सुमारे दीडशे नंबर जुन्यात कसे न्यावेत?

जेल रोडवरचा दुरुस्तीवाला

ब्लूटूथने एकेक संपर्क पाठवता येतो, पण दीडशे पाठवताना आपण कंटाळाल. नव्या फोनमध्ये संपर्क सिमवर उतरवण्याची सोय असेल तर ते सिमवर घ्यावेत, तेच सिम ई७१ मध्ये घालावे आणि तिथून फोनच्या मेमरीत कॉपी करावेत. सिमवर लांब नावे अर्धवट तुटतात, म्हणून आधी नावे आखूड करावीत, आणि देवनागरीत असतील तर रोमनमध्ये बदलून घ्यावीत, नाहीतर चौकोन दिसण्याचा धोका आहे. नव्या फोनमध्ये ती सोय नसेल तर दोन्ही फोन घेऊन दुकानावर यावे. दुपारी चारनंतर गर्दी कमी असते. बाबांना सोबत आणलेत तर नावे कशी आखूड करायची ते त्यांनाच विचारून करू.