लक्षद्वीपची गोष्ट जरा वेगळी आहे
'मासेमारी बंद करा, प्रवाळ आपोआप सावरतील' असं काही जण म्हणतात. लक्षद्वीपात हे लागू पडत नाही. तिथली मुख्य मासेमारी ट्यूनाची, तीही गळाने. लगूनमधली (प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यातली) जिवंत बारकी मासळी आमिष म्हणून टाकायची, वर पाण्याचे फवारे मारायचे, की ट्यूना उसळलाच! त्यामुळे प्रवाळातल्या माशांवर ताण कमी. 1998, 2010, 2016 ला प्रवाळ पांढरे पडले ते पाणी तापल्याने. कोळ्यांना कशाला धरता?

अगत्ती बेटावर तर हिरवी कासवं वाढली, त्यांनी खाऊन खाऊन समुद्री गवत पार खुरटलं, आणि त्या गवतातले मासेही कमी झाले. मासे घटल्याची कोळ्यांची तक्रार रडगाणं नव्हती; नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या निसर्ग-संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनाही तेच आढळलं. नियम हवेतच, पण आधी आमिषाच्या मासळीबद्दल बोलू.